चूर्ण घेऊनही पोट साफ होत नाही? दुखणं स्नायूंचं असू शकतं

जिवतीच्या पहाडावर कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळी घर सोडतात, त्या दिवेलागणीलाच परततात. रानात आडोसा नसतो, आजूबाजूला पुरुष माणसं असतात. हाजत आली तरी दाबून ठेवायची, आणि यायलाच नको म्हणून पाणीही कमी प्यायचं. शाळेत आम्ही हेच पाहतो. काही मुली डबा संपवतात, पण पाण्याची बाटली भरलेलीच घरी नेतात. ही सवय वर्षानुवर्षं चालते आणि मग पोटाचं दुखणं मागे लागतं.

आमच्या नात्यातल्या एका खाला पंधरा वर्षं रोज रात्री चूर्ण घ्यायच्या. सकाळी पाऊण तास संडासात जायचा. परगावच्या लग्नाला जाणं त्या टाळायच्या. "दुसऱ्याच्या घरी एवढा वेळ कसा लावू?" म्हणायच्या. सगळ्यांना वाटायचं मूळव्याध असेल. खरं दुखणं वेगळंच निघालं.

हे दुखणं काय आहे?

समोरच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. इंग्रजीत तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. लघवीची पिशवी, मोठ्या आतड्याचं शेवटचं टोक आणि बायांची गर्भपिशवी या झोळीवर टेकलेली असते. एरवी ही झोळी आवळलेली राहते, म्हणून मळ थांबतो. शौचाला बसलं की पोटाने दाब द्यायचा आणि झोळीने सैल पडायचं, असं हे काम जोडीने चालतं.

काहींच्या शरीरात ही जोडी बिघडते. कुंथलं की झोळी सैल होण्याऐवजी आणखी आवळते. आतून कडी लावलेल्या दाराला बाहेरून धक्के मारावेत, तसा प्रकार. चूर्णाने मळ पातळ होतो, पण कडी काढली जात नाही. वर्षानुवर्षं हाजत दाबणं, मूळव्याधीच्या किंवा चिरेच्या दुखण्याची धास्ती, अशा कारणांनी शरीर ही उलटी चाल शिकतं. शिकलेली चाल विसरवताही येते, हे लक्षात ठेवा.

याच्या उलट, बाळंतपणांनंतर किंवा खूप वर्षं कुंथल्याने झोळी ढिली पडते. मग खोकलं-शिंकलं की थेंब जातो, नाहीतर अंग बाहेर येतं. एकाच बाईला दोन्ही त्रास असू शकतात.

ओळखायचं कसं?

आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौच होणं, मळ खड्यासारखा असणं, दर वेळी कुंथावं लागणं, जाऊन आल्यावरही काहीतरी उरल्यासारखं वाटणं, कधी बोटाची मदत घ्यावी लागणं. यातल्या दोन-तीन गोष्टी तीन महिन्यांहून जास्त चालल्या असतील तर दवाखाना गाठा. थायरॉइड, साखर, लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामक औषधं यांनीही कब्ज होतो. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. मनाने कुठली बंद करू नका.

मळातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, अंगात रक्त कमी होणं, पोट फुगून उलट्या, किंवा पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली सवय, यातलं काही दिसलं तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

घरी काय करता येईल?

नाश्त्यानंतर अर्ध्या तासात आतडं आपोआप हलतं. तीच वेळ रोज ठरवा. दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका, मोबाईल बाहेर ठेवा. भारतीय संडासची उकिडवी बैठक चांगली. गुडघे दुखतात म्हणून कमोड असेल तर पायाखाली वीतभर उंच पाट घ्या आणि थोडं पुढे झुका. दम कोंडून कुंथू नका. पोट पुढे फुगेल असा श्वास घ्या, हळू सोडा आणि खालचा भाग सैल सोडा.

ज्वारीची भाकरी, तूर-मूग, अंबाडीची भाजी, पेरू हे आपल्या ताटातलंच आहे. फक्त पाणी सोबत हवं. इसबगोल हा शब्द मूळचा फारसी, त्याचा अर्थ घोड्याचा कान, बीच्या आकारावरून पडलेला. हा भुसा भरपूर पाण्यात घ्यावा, कोरडा कधीच नाही. रमजानमध्ये इफ्तार ते सहरी थोडं थोडं पाणी पीत राहा. मात्र भाजी-भुसा वाढवूनही पोट नुसतं फुगत असेल, तर दोष स्नायूंचा असण्याची शक्यता वाढते.

आजकाल केगलचे व्यायाम सगळे सांगतात. अमेरिकेतल्या डॉ. केगल यांनी 1948 मध्ये ते मांडले. ते आवळण्याचे व्यायाम आहेत. ढिल्या झोळीला उपयोगी, पण आधीच आवळलेल्या झोळीचा त्रास त्याने वाढू शकतो. तपासणीशिवाय सुरू करू नका.

दवाखान्यात काय होतं?

घाट उतरून गडचांदूर, राजुरा करत चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाता येतं. डॉक्टर हातमोजा घालून बोटाने तपासतात आणि कुंथायला सांगतात. झोळी सैल होते की आवळते, हे तिथेच बरंच कळतं. पुढच्या दाब मोजण्याच्या तपासण्या मोठ्या शहरांत होतात, त्यासाठी नागपूरला कुठे जायचं ते डॉक्टरांनाच विचारा. बायोफीडबॅक नावाच्या उपचारात स्नायूंची हालचाल पडद्यावर पाहत सैल सोडायला शिकवतात. कुंथताना झोळी आवळते अशा रुग्णांमध्ये दहापैकी सहा-सात जणांना त्याने फरक पडतो. फिजिओथेरपिस्टही श्वासाचे आणि सैल सोडण्याचे व्यायाम शिकवतात.

बायांनी लेडी डॉक्टर मागावी. नसेल तर नर्स सोबत ठेवायला सांगावं. गरजेपुरता सतर उघडणं इलाजासाठी जायज आहे.

शरम आणि नमाज

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत 650 बायांची तपासणी केली. 1989 मध्ये ती लॅन्सेट या नियतकालिकात आली. 92 टक्के बायांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. तो अभ्यास कब्जाचा नव्हता, पण आपल्या भागातल्या बाया किती काय अंगावर काढतात ते त्यातून दिसलं.

थेंब जातो, वुजू टिकत नाही, म्हणून काही बहिणी नमाजच सोडतात आणि उमराहचा विचारही करत नाहीत. शरीयतमध्ये अशा माणसाला माजूर म्हणतात. हनफी मसलकात माजूर ठरलेल्याला दर नमाजच्या वेळेला नवीन वुजू करून नमाज पढता येते. आपण माजूर ठरतो का, हे जवळच्या आलिमांना विचारा. हाजत दाबून नमाज पढू नये, हेही सहीह मुस्लिमच्या हदीसमध्ये आलं आहे. आणि अन्सारच्या बायांना दीन समजून घेताना हया आड आली नाही, म्हणून हजरत आयेशा (र.अ.) यांनी त्यांचं कौतुक केलं होतं.

त्या खालांना चंद्रपूरला तपासणीत कडी कुठे अडली ते कळलं. चार महिने श्वासाचे व्यायाम केले. सगळं मिटलं असं नाही, चूर्ण अजून कधीमधी लागतं. पण मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नाला त्या तीन दिवस राहून आल्या.

आपल्या घरात कोण रोज चूर्ण घेतं, ते आज एकदा विचारून पाहा. आणि मुलीच्या दप्तरातली बाटली संध्याकाळी उघडून बघा.