कर, खर्च आणि परदेशगमन

आपल्या भागातील माणसाला कराची गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही. काकतीवरून जाणारा महामार्ग धरून निपाणीपुढे कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदलते आणि राज्याबरोबर डिझेलचा भावही बदलतो. टाकी अलीकडे भरावी की पलीकडे, हे ट्रकचालक अगोदरच ठरवून निघतो. मोटार कोणत्या राज्यात नोंदवावी याचाही हिशेब सीमाभागात घरोघर होतो. परंतु दुसऱ्या राज्यात नोंदलेले वाहन इथे बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले तर त्याला इथला क्रमांक घ्यावा लागतो, असे 1988 चा मोटार वाहन कायदा सांगतो. कायदा केवळ पाटी वाचून थांबत नाही. गाडी राहते कुठे, हे विचारतो. माणसाच्या बाबतीत आयकराचा कायदाही बराचसा असेच विचारतो, आणि त्याविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

त्याला कारणही तसेच घडले. माझा एक जुना विद्यार्थी एके दिवशी संध्याकाळी घरी आला. मुलगा हुशार, अभियंता झालेला. कोणाची नोकरी न करता तो यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे संगणकावर तयार करून देतो. काही काम बेळगाव-पुण्याच्या कारखान्यांचे, काही परदेशचे. चहा होताच तो म्हणाला, "सर, दुबईला जावे म्हणतो. तिथे कर नाही. इथे बिल दिले की आधी कर कापला जातो, आणि नव्या पद्धतीत विम्याच्या हप्त्याची नि घरकर्जाच्या व्याजाची सवलतही गेली. ट्रस्टकडून कर्ज मिळेल काय?" ट्रस्टच्या कर्जसमितीवर मी असल्यामुळे प्रश्न माझ्याकडे आला होता. ट्रस्टचा पैसा म्हणजे लोकांनी पोटाला चिमटा घेऊन दिलेला पैसा. म्हणून मी म्हटले, "कागद-पेन्सिल घे आणि बैस. दहावीत बसत होतास तसा."

त्याची वर्षाची जमा 22 लाख रुपये होती. त्यांपैकी 14 लाख देशातील गिऱ्हाइकांकडून, 8 लाख बाहेरून. देशातील कारखाने तांत्रिक व्यावसायिकाचे बिल देताना 10 टक्के कर कापून सरकारजमा करतात. म्हणजे 1 लाख 40 हजार. हा आकडा त्याच्या मनात बोचत होता. मी विचारले, "विवरणपत्र भरतोस का?" तो खाली पाहू लागला. दोन वर्षे भरलेच नव्हते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. अभियंता, डॉक्टर, वकील, तांत्रिक सल्लागार अशा व्यावसायिकांसाठी 2016 च्या वित्त कायद्याने एक सोपी वाट काढली. जमेचा निम्मा भाग उत्पन्न धरावयाचा आणि निम्मा खर्च समजावयाचा. खर्चाची एकही पावती दाखवावी लागत नाही. प्रारंभी ही सोय 50 लाखांपर्यंतच्या जमेला होती. रोखीची जमा 5 टक्क्यांहून अधिक नसेल तर 2023-24 पासून ती 75 लाखांपर्यंत मिळू लागली. 1961 च्या कायद्याच्या जागी आणलेल्या 2025 च्या आयकर कायद्यातही ही पद्धत ठेवलेली आहे. या मुलाचा खरा खर्च संगणक, वीज, इंटरनेट, सॉफ्टवेअरचे भाडे आणि थोडा प्रवास मिळून 3 लाखांच्या आसपास. कायदा मात्र त्याला 11 लाख खर्च मानून देतो! उरलेले 11 लाख उत्पन्न. नव्या पद्धतीत 2025-26 पासून 12 लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. विम्याची नि व्याजाची वजावट गेली हे खरे, परंतु ज्याचा कर मुळात शून्य त्याला त्या वजावटीचा उपयोग तरी काय? म्हणजे चालू वर्षाचे कापलेले 1 लाख 40 हजार विवरणपत्र भरले की परत यावयाचे. मागील वर्षांचे विवरणपत्र मुदतीत न भरल्यामुळे तो मार्ग अवघड झालेला, आणि त्याचा दोष दिल्लीला देता येत नाही.

दुसरी चूक वस्तू व सेवा कराची होती. सेवेची जमा वर्षाला 20 लाखांवर गेली की नोंदणी करावीच लागते. बाहेरदेशी पाठवलेल्या आणि परकीय चलनात मोबदला आलेल्या सेवेवर हमीपत्र देऊन हा कर शून्य ठेवता येतो. पुण्याच्या कारखान्याच्या बिलावर 18 टक्के लावावे लागतात, परंतु ते कारखान्याला आपल्या करातून वळते करून घेता येतात. मुलाने भीतीपोटी नोंदणीच केली नव्हती.

"पण पुढे जमा वाढली तर?" त्याने विचारले. प्रश्न रास्त होता. जमा 30 लाख झाली तर उत्पन्न 15 लाख आणि कर उपकरासह 1,09,200 रुपये. जमा 50 लाख झाली तर उत्पन्न 25 लाख, कर 3,43,200. ही रक्कम लहान नाही. परंतु ती वाचवण्यासाठी दुबईत राहण्याचा परवाना, त्याचे नूतनीकरण, घरभाडे, भाड्यावर नगरपालिकेचे 5 टक्के, सक्तीचा आरोग्य विमा आणि बायकामुले नेल्यास शाळेची फी द्यावी लागते. तो इथे वडिलांच्या घरात राहतो. भाड्याचा रकाना त्याने आजवर कधी लिहिलेलाच नाही, म्हणून तो त्याच्या हिशेबात आला नाही.

तिकडे कर नाही हेही आता तितकेसे खरे राहिलेले नाही. संयुक्त अरब अमिरातीत 1 जानेवारी 2018 पासून खरेदीवर 5 टक्के कर आहे. व्यवसायाच्या नफ्यावर 2023 मध्ये 9 टक्के कर सुरू झाला. स्वतंत्र व्यावसायिकाची वार्षिक उलाढाल 10 लाख दिरहमच्या वर गेली तर 3 लाख 75 हजार दिरहमपुढील नफ्यावर तो त्यालाही लागतो. आमच्या मुलाला तो लागणार नाही, पण वारा कोणत्या दिशेने वाहतो ते कळते.

सौदी अरबस्तानचे उदाहरण आखातात माणसे असलेल्या पुष्कळ घरांना ठाऊक असेल. जुलै 2017 मध्ये तिथे परदेशी कामगाराच्या कुटुंबातील प्रत्येक माणसामागे महिना 100 रियाल आकार बसला. तो दरवर्षी वाढत 2020 मध्ये 400 रियालवर गेला. बायको आणि तीन मुले असतील तर वर्षाला 19,200 रियाल! त्याच जुलै महिन्यात खरेदीवरील कर 5 टक्क्यांवरून 15 टक्के झाला. पुष्कळांनी बायकामुले गावी पाठवली आणि आपण एकटे मागे राहिले. अशा परत आलेल्या मुलांना वर्षाच्या मध्येच नव्या शाळेत कन्नड शिकताना किती त्रास होतो, हे शिक्षकाला विचारावे.

इंग्लंडातही निराळे नाही. स्वतःच्या छोट्या कंपनीमार्फत काम करणाऱ्या तंत्रज्ञांना 2016 मध्ये प्रवासखर्चाच्या सवलतीची कात्री लागली. माणूस खरा कंत्राटदार की झाकलेला नोकर, हे ठरवण्याचा अधिकार 2017 मध्ये सरकारी कामांत आणि 2021 मध्ये मोठ्या व मध्यम खाजगी कंपन्यांत काम देणाऱ्याकडे गेला. तिथलेही लोक तेव्हा देश सोडावा काय असे विचारू लागले. त्यांतले काही दुबईकडेच पाहत होते.

आता गाडीच्या पाटीकडे परत येतो. माणूस वर्षात 182 दिवस भारतात राहिला तर तो इथला रहिवासी ठरतो. बाहेर राहिला तरी पुण्याच्या कारखान्याकडून येणाऱ्या पैशाचा प्रश्न सुटत नाही. कारखाना पैसे देताना कर कापू पाहणार, आणि 1992 च्या भारत-अमिरात कराराची सवलत हवी असेल तर तिकडच्या निवासाचा दाखला आणावा लागणार. शिवाय 2020 पासून असा नियम आहे की, ज्या भारतीय नागरिकाला राहण्याच्या नात्याने कुठेच कर लागत नाही आणि ज्याचे भारतातील उत्पन्न 15 लाखांवर आहे, तो इथलाच रहिवासी मानला जातो. व्यवसाय बेळगावात उभारलेला असेल तर बाहेरची कमाईही मग करात येऊ शकते.

मी परदेशगमनाच्या विरुद्ध नाही. ज्याला तिकडे प्रत्यक्ष काम मिळाले आहे, दर इथल्या दुप्पट-तिप्पट आहे, हात शिकणार आहेत, त्याने जरूर जावे. आपल्या ट्रस्टने अशांना कर्ज दिले आहे आणि ते फिटलेही आहे. या मुलाजवळ दुबईचे एकही गिऱ्हाईक नव्हते, केवळ कराचा राग होता. त्या रागावर कर्ज देण्याची शिफारस मी करू शकलो नाही, आणि तसे त्याला तोंडावर सांगितले. त्याला वाईट वाटले असावे.

तथापि आठवड्याने तो पुन्हा आला, या खेपेस कागदांची पिशवी घेऊन. हिशेबनिसाकडे जाऊन त्याने वस्तू व सेवा कराची नोंदणी करून घेतली होती आणि चालू वर्षाच्या विवरणपत्राची तयारी चालवली होती. निम्मे उत्पन्न धरण्याच्या पद्धतीत आगाऊ कर लागलाच तर चार हप्त्यांऐवजी 15 मार्चपर्यंत एकदाच भरावयाचा असतो, हे त्याला तिथे कळले, आणि खरे सांगावयाचे तर मलाही त्याच्याकडूनच कळले. शारजातील एका कारखान्याला त्याने नमुन्याचे दोन नकाशे पाठवले आहेत. तिकडून काम आले तर कर्जाचा अर्ज समितीपुढे पुन्हा ठेवीन, असे मी त्याला सांगितले आहे.