जुने सिंथ, नवे संगणक

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "माझी वीस वर्षांपूर्वीची गाणी नव्या संगणकावर उघडतात, पण निम्मे ट्रॅक मुकेच. असं का?" आज तिथूनच सुरुवात करू.

सॉफ्टवेअर सिंथेसायझर बहुधा प्लगिन म्हणून चालतो, म्हणजे क्युबेससारख्या मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटात. स्टाइनबर्गने १९९६ मध्ये त्यासाठी व्हीएसटी ही पद्धत आणली आणि १९९९ पासून तिच्यात वाद्यंही आली. त्या काळचे प्लगिन ३२-बिट. ६४-बिट प्रोग्रॅमला ३२-बिट प्लगिन थेट आपल्या पोटात घेता येत नाही. विंडोजवर ३२-बिट प्रोग्रॅम अजून चालतात बरं का. अडचण फक्त दोघांना एका घरात नांदवण्याची आहे. त्यासाठी जे-ब्रिजसारखा दुभाषी मिळतो. तो जुन्या प्लगिनला स्वतंत्र ३२-बिट प्रोसेसमध्ये बसवतो आणि निरोप, आवाज इकडून तिकडे पोचवतो. मॅकवाल्यांचं दार मात्र २०१९ च्या कॅटालिनापासून बंद झालं.

दुभाषी म्हटला की कधीमधी अडखळणारच. मग पर्याय शोधायचा, आणि तो शोधताना एक प्रश्न विचारायचा: माझा आवाज नेमका साठवलाय कुठे?

नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा एफएम७ घ्या. त्याचं मूळ यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ मध्ये. गंमत अशी, की डीएक्स७ मध्ये आवाज साठवलेला नसतोच! असतात ते आकडे: कुठला ऑपरेटर कुणाला किती हलवतो, किती वेळात विरतो. एका आवाजाला १२८ बाइट, म्हणजे ३२ आवाजांची अख्खी बँक ४,०९६ बाइटमध्ये. हे आकडे वाचून तसंच गणित करणारा कुठलाही सिंथ तो आवाज पुन्हा घडवू शकतो. डेक्स्ड हा मोफत, मुक्तस्रोत प्लगिन नेमकं हेच करतो. तुमच्याकडे डीएक्स७ ची बँक असेल, तर काम झालं. पण एफएम७ मध्ये फिल्टरसारख्या काही जादा गोष्टी होत्या. त्या वापरून केलेला आवाज डेक्स्डला कळणार नाही. तिथे त्याच कंपनीचा एफएम८ बघावा, तो एफएम७ चे आवाज वाचतो.

खरी मेख पुढेच आहे. गाण्याच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये सिंथची मांडणी असते, पण एका बंद गाठोड्यासारखी. ते सोडवता येतं बहुधा त्याच प्लगिनला. त्यामुळे नुसती प्रोजेक्ट फाइल जपून भागत नाही. जुना संगणक सुरू होतोय तोवर प्रत्येक आवाज सिंथमधूनच वेगळ्या फाइलमध्ये काढा. नोटा मिडीत घ्या. आणि प्रत्येक ट्रॅक स्वतंत्र वेव्ह फाइल करून ठेवा. ती उघडायला सिंथ लागतच नाही. शेवटी राहिल्या सिंथच्या खुंट्या: कुठली कुठे फिरवलेली आहे, त्याचा स्क्रीनशॉट घ्या. पर्यायी सिंथवर आवाज कानाने जुळवायची वेळ आली, की तोच हाताशी लागतो.