ट्रामाडॉल

ट्रामाडॉल हे रासायनिक संश्लेषणाने तयार केलेले, अफूसदृश गुणधर्मांचे वेदनाशामक औषध आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या, अस्थिभंगाच्या व कर्करोगाच्या मध्यम ते तीव्र वेदनांवर ते दिले जाते. ग्रूनेंथाल या जर्मन कंपनीने ते १९६२ मध्ये प्रथम तयार केले व १९७७ मध्ये पश्चिम जर्मनीत विक्रीस आणले. कॅमेरूनमधील एका झाडाच्या मुळांत ते निसर्गतः आढळते, असा दावा २०१३ मध्ये झाला होता. मात्र, तेथील शेतकरी गुरांना हे औषध देत असल्याने ते जमिनीत व पाण्यात उतरले असावे, असे प्रतिपादन पुढील संशोधनातून झाले.

कार्य

मूळ ट्रामाडॉलचा मेंदूतील अफूग्राहींवरील परिणाम क्षीण असतो. यकृतातील एका विकरामुळे त्याचे ज्या द्रव्यात रूपांतर होते, ते कितीतरी अधिक प्रभावी असते. हे विकर सर्वांमध्ये सारखे कार्यक्षम नसते. त्यामुळे ज्या मात्रेने एकाच्या वेदना शमत नाहीत, तिनेच दुसऱ्याचा श्वास धोकादायकरीत्या मंदावू शकतो. अमेरिकेत २०१७ पासून १२ वर्षांखालील मुलांसाठी ते निषिद्ध आहे. अतिमात्रेने झटके येतात. दीर्घकाळ घेतल्यास अवलंबित्व निर्माण होते.

कायदेशीर नियंत्रण

अमली पदार्थांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारांच्या सूचींत ट्रामाडॉल नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने अनेकदा आढावा घेऊनही तशी शिफारस केलेली नाही. गैरवापर समितीला ठाऊक आहे. परंतु जेथे मॉर्फिन पोहोचत नाही, अशा गरीब देशांतील रुग्णांना हेच औषध मिळू शकते, हा विचार त्यामागे आहे. अमेरिकेने मात्र २०१४ मध्ये ते नियंत्रित पदार्थांत समाविष्ट केले.

भारतात मार्च २०१४ पासून ते अनुसूची एच-१ मध्ये आहे. त्यानुसार औषधविक्रेत्याला डॉक्टरचे व रुग्णाचे नाव आणि दिलेले प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे ठेवावी लागते. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने ते गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ खाली आणले आणि नियंत्रणाचे स्वरूपच पालटले. ५ ग्रॅमपर्यंत 'अल्प' व २५० ग्रॅमपेक्षा अधिक 'व्यापारी' प्रमाण ठरले. व्यापारी प्रमाण बेकायदा बाळगल्यास १० ते २० वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० मधील निर्णयानुसार मिश्रणातील केवळ शुद्ध द्रव्याचे नव्हे, तर संपूर्ण मिश्रणाचे वजन धरले जाते. साहजिकच गोळीतील निरुपद्रवी पूरक द्रव्येही शिक्षेच्या हिशेबात येतात.

रुग्णांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची तरतूद नियमावलीत आहे: स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० मात्रांपर्यंत औषध जवळ ठेवता येते. दीर्घकालीन उपचारासाठी डॉक्टरने तसे विशेष लिहून दिल्यास त्याहून अधिक साठाही कायदेशीर ठरतो.