घोडा, तबेला आणि शेजार

उरण हें रायगडच्या किनाऱ्यावरील, भातशेती, मिठागरें व मासेमारी यांवर पोसलेलें गांव. १९८९ सालीं जवळच न्हावा-शेवा येथें मोठें बंदर सुरू झालें, आणि १२ जानेवारी २०२४ रोजीं मुंबईला जोडणाऱ्या अटल सेतूचें व उरणपर्यंतच्या लोहमार्गाचें एकाच दिवशीं उद्घाटन झालें. शेतांना लागून इमारती उठूं लागल्या, कीं पूर्वीं कोणाच्या ध्यानींमनीं नसलेले तंटे उद्भवतात. त्यांपैकीं एक असा : स्वतःच्या मालकीच्या जागेंत कोणी घोडे बाळगले, तर त्यांत इतरांनीं बोलावें काय?

‘जमीन माझी, जनावर माझें’ हें उत्तर सरळ दिसतें; परंतु तें अर्धेंच आहे. जमीन कोणाची, हें मालकीहक्कानें ठरतें. ती कशासाठीं वापरावी, हें नियोजनानें ठरतें. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाप्रमाणें विकास आराखड्यांत निवासी, औद्योगिक, शेती असे विभाग पाडले जातात. त्याच वर्षाच्या जमीन महसूल संहितेनें शेतावरील इमारतीची व्याख्या केली असून, तींत अवजारें, वैरण व धान्य ठेवण्याची जागा आणि गुरांचा निवारा यांचा समावेश आहे. मात्र त्यांचा संबंध त्या शेतीशीं असला पाहिजे. शेतकऱ्याचा गोठा या व्याख्येंत सहज बसतो. वरातीला भाड्यानें द्यावयाच्या घोड्यांचा तबेला शेतीच्या नांवावर उभा राहूं शकत नाहीं. तो व्यवसाय होय. हेतु बदलला, कीं जमिनीचा उपयोगही बदलतो.

उरण तालुक्यांत तर विचारावें कोणाला, हाच पहिला प्रश्न. शहरापुरती नगरपरिषद, खेड्यांतून ग्रामपंचायती, नवी मुंबईच्या क्षेत्रांत १९७० सालीं स्थापन झालेली सिडको, आणि बंदराच्या हद्दींत बंदराचें प्राधिकरण, असे अधिकार विभागलेले आहेत. बांधाच्या एका बाजूला एकाचा नियम, तर दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा, असेंही घडूं शकतें.

शेजाऱ्याची तक्रार केवळ नाजूकपणाची नसते. पूर्ण वाढीचा घोडा दिवसाकाठीं सुमारें २० किलो लीद टाकतो. उष्ण हवेंत अंड्यापासून पूर्ण माशी तयार होण्यास ७ ते १० दिवस पुरतात. म्हणून आठवडाभर साचूं दिलेली लीद म्हणजे माशांची पैदासच. पावसाळ्यांत भूजल वर येतें, तेव्हां उकिरड्याचा निचरा विहिरींत मिसळण्याचें भय असतें. उलट, तीच लीद वेळेवर उचलून मुरवली, तर शेताला उत्तम खत मिळतें. म्हणजे दोष घोड्याचा नसून अंतराचा व व्यवस्थेचा आहे.

हा विचार उशिरा केला म्हणजे काय होतें, हें मुंबईंत दिसलें. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमांत जनावरें ठेवण्यासाठीं परवान्याची तरतूद आहे. तथापि दाट वस्तींत विनापरवाना तबेले वर्षानुवर्षें चालत राहिले. अखेर ८ जून २०१५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें केवळ मौजेखातर चालणाऱ्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवून त्या बंद करण्यास एक वर्षाची मुदत दिली, आणि त्यांवर पोट असणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा विचार करण्यास सरकारला सांगितलें. घोड्यांचे हाल थांबावे, हें योग्यच होतें. पण पिढीजात धंदा वर्षभरांत सोडण्याची पाळी आली, ती लगाम धरणाऱ्यांवर. इतकीं वर्षें डोळेझाक करणाऱ्यांवर नव्हे.

रायगड जिल्ह्यांतीलच माथेरानांत चित्र निराळें आहे. मोटारींना मज्जाव असलेल्या या गिरिस्थानीं घोडा हें जुनें वाहन. ४ फेब्रुवारी २००३ रोजीं तो परिसर पर्यावरणाच्या दृष्टीनें संवेदनशील म्हणून घोषित झाला, तरी घोडा तेथें राहिला. एकच प्राणी एका स्थळीं अडचणीचा व दुसऱ्या स्थळीं उपयोगाचा ठरतो; म्हणून नियम करतांना घोड्याइतकेंच स्थळाकडेही पाहावें लागतें.

उरणचीं शेतें अजून सगळींच इमारतींखालीं गेलेलीं नाहींत. तबेल्याला किती जागा असावी, घरापासून व विहिरीपासून किती अंतर असावें, लीद किती दिवसांनीं उचलावी, आणि आधींपासून घोडे बाळगणाऱ्यास किती मुदत द्यावी, हे चार प्रश्न शेजारीं नवीं घरें उठण्यापूर्वींच सोडवले, तर घोडेवाल्याची भाकर व शेजाऱ्याचें स्वास्थ्य यांपैकीं एकावर पाणी सोडण्याचा प्रसंग येणार नाहीं.