निखाऱ्यावरील घरगुती हॅम्बर्गर

हॅम्बर्गर हे नाव ऐकून पुष्कळांचा असा समज होतो की, हा डुकराच्या मांसाचा पदार्थ असावा. वस्तुतः हे नाव जर्मनीतील हॅम्बर्ग या बंदरावरून पडले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील उपाहारगृहांत ‘हॅम्बर्ग’ पद्धतीचे बारीक केलेले गोमांस मिळू लागले होते. पुढे ते पावात घालून विकण्याची कल्पना प्रथम कोणास सुचली, याविषयी तेथील अनेक गावे आपापला हक्क सांगतात. आज तो पदार्थ आपल्या घरांतही, विशेषतः मुलांच्या हट्टामुळे, येऊन पोहोचला आहे. तेव्हा तो रुचकर कसा करावा आणि त्यातील धोका कोणता, हे प्रत्येक गृहिणीने जाणून घेणे इष्ट आहे.

प्रथम मांसाविषयी. मांस खांद्याचे घ्यावे आणि त्याच दिवशी डोळ्यांदेखत त्याचा खिमा करून घ्यावा. एक किलो खिम्यात सुमारे २०० ग्रॅम चरबी असावी. चरबी कमी पडली तर वडी कोरडी व चिवट होते. आपल्याकडे अनेक राज्यांत गोवंशहत्येस कायद्याने बंदी आहे. तेथील कुटुंबांनी बकऱ्याचे मांस वापरावे. ते मुळात कमी चरबीचे असल्याने खाटकाकडून थोडी चरबी मुद्दाम मागून घ्यावी. बाकी कृती तीच राहते.

आपल्या स्वयंपाकघरात कटलेटसाठी खिमा मळण्याची सवय असते. हॅम्बर्गरला ती सवय बाधते. खिमा जितका मळावा तितका तो घट्ट होतो. शिवाय त्यात आधीच मीठ मिसळले, तर मिठामुळे मांसातील प्रथिने विरघळून एकमेकांस चिकटतात आणि वडी रबरासारखी लागते. म्हणून थंड खिमा हलक्या हाताने गोळा करून एक किलोच्या सहा वड्या कराव्यात. वडी सुमारे दोन सेंटिमीटर जाड आणि पावापेक्षा किंचित रुंद असावी, कारण ती भाजताना आक्रसते. मध्यभागी अंगठ्याने थोडा खळगा करावा, म्हणजे ती फुगून गोल होत नाही. मीठ व मिरपूड निखाऱ्यावर ठेवण्याच्या क्षणी, वरूनच भुरभुरावी.

आता विस्तवाकडे वळू. कोळसा पेटताच घाई करू नये. ज्वाळा शमून निखाऱ्यांवर राखेचा करडा थर दिसू लागला की शेगडी तयार झाली असे समजावे. निखारे एका बाजूस ओढावेत आणि दुसरी बाजू मोकळी ठेवावी. चरबी गळून जाळ उसळला, तर वडी तात्काळ मोकळ्या बाजूस सरकवता येते. जाळी स्वच्छ घासून तिला तेलाचे बोट लावावे. प्रत्येक बाजू साधारण चार ते पाच मिनिटे भाजावी. उलथन्याने वडी दाबण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु त्यामुळे सारा रस निखाऱ्यांवर सांडतो आणि आपल्या वाट्यास चोथा उरतो.

यापुढील गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. मांसाच्या अखंड तुकड्यावर रोगजंतू असले, तर ते बहुधा पृष्ठभागावरच असतात व भाजताना मरतात. खिमा करताना मात्र बाहेरचे मांस आत मिसळते. अमेरिकेत १९९३ साली उघडकीस आलेल्या एका साथीत अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमुळे ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. यास्तव वडीच्या गाभ्याचे तापमान ७१ अंश सेल्सिअस झालेच पाहिजे. केवळ रंगावर विसंबू नये. पुरती शिजण्यापूर्वीच वडी आतून तपकिरी दिसू शकते. स्वयंपाकाचा लहान तापमापक घरी असल्यास उत्तम. कच्चे मांस ठेवलेल्या ताटात भाजलेली वडी पुन्हा ठेवू नये, आणि कच्च्या खिम्यास हात लावल्यावर ते साबणाने धुवावेत.

पाव मधोमध कापून आतील बाजू निखाऱ्यावर क्षणभर शेकावी, म्हणजे तो रसाने भिजून तुटत नाही. त्यात कांद्याची चकती, टोमॅटो व सॅलडचे पान घालावे.

शुक्रवारी मांसवर्ज्य पाळणाऱ्या घरांसाठी एक मनोरंजक माहिती. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात मॅकडोनाल्ड्सचे दुकान चालविणारे लू ग्रोएन यांची वस्ती बहुतांशी कॅथलिक होती. शुक्रवारी हॅम्बर्गर खपेनात, म्हणून १९६२ साली त्यांनी पावात माशाचा तुकडा घालून विकण्यास आरंभ केला, आणि तो पदार्थ पुढे जगभर पसरला. उपवासकाळातील शुक्रवारी आपणही सुरमईचा काटे काढलेला तुकडा याच जाळीवर भाजून पावात घालू शकतो.

मिस्सा आटोपून घरी परतल्यावर, रविवारी दुपारी, शेगडीभोवती सारे कुटुंब जमावे. वडिलांनी निखारे सांभाळावेत, मुलांनी पाव शेकावेत, आणि प्रत्येक वडी आतपर्यंत शिजल्याची खात्री झाल्यावरच सर्वांनी जेवणापूर्वीची प्रार्थना म्हणून एकत्र बसावे.