कानशिलातली खिडकी

डोक्याला मार लागलेला, व्हेंटिलेटरवरचा पेशंट सीटी स्कॅनला न्यायचा म्हणजे आयसीयूतल्या सगळ्यांची कसोटी. ऑक्सिजनचा सिलिंडर, मॉनिटर, सलाइनच्या नळ्या सांभाळत ट्रॉली ढकलायची. सकाळी ठीक दिसलेला मेंदू संध्याकाळपर्यंत सुजला तर पुन्हा तीच यातायात.

अशा वेळी खाटेपाशी आणलेलं सोनोग्राफी मशीन कामाला येतं. अडचण कवटीची, जाड हाड ध्वनिलहरी अडवतं. तान्ह्या बाळाची टाळू भरलेली नसते, तिथून मेंदू सहज दिसतो. मोठ्यांमध्ये कानापुढचं, कानशिलाचं हाड त्यातल्या त्यात पातळ. १९८२ मध्ये रूने आस्लिड यांनी तिथूनच २ मेगाहर्ट्झच्या डॉपलर लहरी सोडून मेंदूतल्या रक्ताचा वेग मोजून दाखवला.

जेल लावून प्रोब हळूहळू कलवत गेलं की पाचेक सेंटिमीटर खोलीवर मेंदूची मधली धमनी सापडते. पडद्यावर दर ठोक्याला एक डोंगर उमटतो. कवटीतला दाब वाढला की आधी त्याचा उतार खचतो, म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे रक्त पुढे सरकेनासं होतं. दाब फारच चढला तर तेवढ्या वेळात ते उलटं फिरतं. याहून वाईट लक्षण क्वचितच.

दुसरी खूण डोळ्यामागे. मिटल्या पापणीवर प्रोब अलगद टेकवून, नेत्रगोलामागे ३ मिलिमीटरवर दृष्टीच्या नसेचं आवरण मोजतात. त्याची रुंदी ५-६ मिलिमीटरच्या पुढे गेली तर दाबाचा संशय घ्यायचा. अर्थात संशयच. रक्ताची गाठ नेमकी कुठे, हे सीटीच सांगतो. आणि काहींच्या, विशेषतः वयस्क बायकांच्या, कानशिलातून काहीच दिसत नाही.

वाशीम जिल्ह्यात हे तंत्र जास्तच मोलाचं. कारंजा-मालेगावकडून समृद्धी महामार्ग जातो, म्हणजे अपघात आलेच, आणि मोठ्या उपचारांसाठी गाठायचं अकोला वाशीमहून सुमारे ८० किलोमीटर. कुणाला तातडीने हलवायचं, हे ठरवायला अशी तपासणी हाताशी हवी. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटन झालेल्या राज्यातल्या दहा वैद्यकीय महाविद्यालयांत वाशीमचंही आहे.

राहिला प्रश्न कायद्याचा. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी सक्तीची आहे. फिरत्या वैद्यकीय पथकाचा अपवाद सोडला तर पोर्टेबल मशीन नोंदलेल्या जागेतच, दाखल पेशंटसाठीच वापरता येतं. मुली वाचवणारा हा कायदा हवाच. आयसीयूतले पेशंट तर दाखलच असतात; तेव्हा कायद्याच्या धास्तीने मशीनच नको, ही सबब टिकत नाही. मशीनची रीतसर नोंदणी करावी आणि नव्या महाविद्यालयाने आपल्या डॉक्टरांना कानशिलावर प्रोब धरायला शिकवावं.