रात्रीचं दारं धरणारे

पुणे–नाशिक महामार्गावर मंचर मागे पडलं की कळंब येतं. घोड नदीच्या काठचं हे आंबेगाव तालुक्यातलं बागायती गाव. बटाटा, कांदा, तरकारी आणि पुष्कळ ऊस. दिवसा इथे घाबरण्यासारखं काही दिसत नाही. पण शेतीपंपांना थ्री फेज लाईट पाळीपाळीने मिळते, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की घरातलं कुणीतरी बॅटरी, काठी आणि फावडं घेऊन उसात शिरतं. मोटार चालू करायची, पाटाचं पाणी सरीत सोडायचं, सरी भरली की फावड्याने माती ओढून पुढची सरी लावायची. याला आमच्याकडे दारं धरणं म्हणतात. पहाटेपर्यंत हेच काम, आणि तेही दोन्हीकडे पुरुषभर उंचीचा ऊस असताना. त्या उसात बिबट्या आहे हे प्रत्येकाला माहीत असतं.

एरवी आपण धाडसाच्या गोष्टी सांगतो त्या एका क्षणाच्या असतात. या भागाकडे तशी मोठी गोष्ट आहेच. कळंबच्या शेजारचं महाळुंगे पडवळ हे बाबू गेनूंचं गाव. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत काळबादेवीला विदेशी कापडाचा ट्रक अडवताना हा बावीस वर्षांचा गिरणी कामगार चाकाखाली गेला. घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचंच नाव दिलेलं आहे. रात्री सरीत वाहतं ते याच खोऱ्यातलं पाणी. दारं धरणाऱ्याचं धैर्य मात्र कुठल्या पाटीवर येत नाही, कारण ते एकदा करून संपत नाही. पुढच्या रात्रपाळीला पुन्हा करावं लागतं.

बिबट्या इथे का आला, याचं उत्तरही पाण्यातच आहे. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणं. त्यांच्या कालव्यांनी जुन्नर, आंबेगाव, शिरूरची कोरडवाहू शिवारं भिजवली. बाजरी-हुलग्याच्या रानात ऊस उभा राहिला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने चालू लागले. ऊस वर्ष-दीड वर्ष एका जागी उभा असतो. आत गारवा असतो, पाणी असतं, आडोसा असतो, आणि वस्तीवर कुत्री, शेळ्या, वासरं असतात. बिबट्याच्या मादीला पिलं घालायला याहून सोयीची जागा कोणती? उसात जन्मून उसातच वाढलेल्या बिबट्यांच्या कित्येक पिढ्या झाल्या. त्यांना ‘जंगलात परत पाठवा’ म्हणणं सोपं आहे, पण त्यांनी जंगल पाहिलेलंच नाही.

तो उपाय करूनही झाला आहे. फेब्रुवारी 2001पासून जुन्नर वनविभागात बिबटे मोठ्या प्रमाणावर पकडून दूरच्या रानात सोडले गेले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळाच्या नोंदी तपासल्या आणि 2011 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत होते, ते ही मोहीम सुरू झाल्यावर 17 झाले. ओळखीचं रान सुटलेलं जनावर अनोळखी मुलखात बिथरतं, किंवा आल्या वाटेने परत निघतं. ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याने हे साऱ्या महाराष्ट्राला दाखवलं. पारनेर तालुक्यात विहिरीत पडलेला हा नर गळ्यात पट्टा घालून माळशेज घाटात सोडला, आणि तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत मुंबईच्या हद्दीपर्यंत पोचला.

म्हणजे बिबट्याबरोबर राहायचं आहे. पण हे वाक्य पुण्या-मुंबईत बसून उच्चारणाऱ्याने 2025चा ऑक्टोबर आणि नोव्हेंबर विसरू नये. कळंबपासून फार लांब नसलेल्या पिंपरखेड-जांबूत परिसरात अवघ्या काही आठवड्यांत तीन माणसं गेली. एक पाच वर्षांची मुलगी, एक ऐंशी ओलांडलेली आजी, एक तेरा वर्षांचा मुलगा. लोकांनी मंचरजवळ महामार्ग रोखला. नंतर नरभक्षक ठरवलेला बिबट्या गोळी घालून मारण्यात आला. त्या दिवसांत तिथल्या बायका गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जात होत्या. बिबट्या मानेला धरतो, आणि ओणवं बसलेलं माणूस त्याला बुटक्या सावजासारखं दिसतं, म्हणून ही युक्ती. वर्तमानपत्रांत ते फोटो छापून आले, लोक हळहळले. मला त्या फोटोंत हळहळीपेक्षा वेगळं काही दिसलं. खिळ्यांचा पट्टा घालणारी बाई घाबरलेली असते, यात शंका नाही. पण ती घरात बसलेली नाही. कांद्याचं तण वेळेत निघालं नाही तर वर्षाचा हिशेब बिघडतो, हे तिला ठाऊक आहे, आणि शेजारच्या वाफ्यात दुसरी बाई आहे यावर तिचा भरवसा आहे.

हा भरवसाच या भागाला उभा ठेवतो. रात्री पाणी भरायला शक्यतो दोघं जातात. शेजारची मोटार चालू असेल तर एकमेकांना हाळी देत राहतात, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावतात. मुलं शाळेला घोळक्याने जातात. गोठ्याला जाळी मारायची असली तर भावकीतले रुसवे बाजूला ठेवून माणसं येतात.

आणि वनखात्याची माणसं येतात. त्यांच्यावर गावाचा राग निघतो, पिंजरा उशिरा लागला म्हणून शिव्या बसतात, तरी बिबट्या विहिरीत पडला की फोन त्यांनाच जातो. कठडा नसलेल्या विहिरी या भागात पुष्कळ. कुत्र्यामागे धावताना बिबट्या आत पडतो आणि तासन् तास पोहून दमतो. आधी दोरांनी बाज खाली सोडतात, म्हणजे त्याला टेकायला जागा मिळते. मग पिंजरा. तोवर विहिरीभोवती गर्दी झालेली असते, आणि जनावरापेक्षा ती आवरणं वनरक्षकाला अवघड जातं. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात वर्षानुवर्षं काम केलेले पशुवैद्य डॉ. अजय देशमुख यांचं नाव या कामामुळे सर्वदूर गेलं. पण त्यांच्याबरोबर दोर धरणारे हात गावातलेच असतात. ज्याची शेळी गेल्या महिन्यात गेली तोही कधी कधी त्या दोराला हात लावतो.

पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात भीतीशी जमवून घ्यायची रीत जुनी आहे. तिथल्या महादेव कोळी वाड्यांत दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्या दिवशी, वाघबारस असते. शिवेवर वाघोबाचं ठाणं असतं. गुराखी पोरं घरोघर शिधा मागतात, ठाण्यापाशी खीर शिजते, नैवेद्य दाखवतात आणि वाघोबाला गुरांना त्रास देऊ नको म्हणून विनवतात. याला अंधश्रद्धा म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. शेजारी राहणाऱ्या बलवान प्राण्याची हद्द मानणं आणि आपली हद्द त्याला सांगणं, हा करार त्या लोकांनी जंगलाशी केला. बागायती पट्ट्यात ऊस नवा, बिबट्याही नवा, तिथे असा करार अजून झालेला नाही.

आणि तो नुसत्या श्रद्धेने होणारही नाही. दारं धरणाऱ्याच्या धैर्याचं कौतुक करताना मला एक गोष्ट खुपते. त्याने रात्री उसात जावं हे देवाने ठरवलेलं नाही, विजेच्या वेळापत्रकाने ठरवलेलं आहे. बिबट्याच्या पट्ट्यात शेतीला दिवसा वीज द्या ही मागणी इथला शेतकरी वर्षानुवर्षं करतो आहे. सौर वाहिन्यांच्या योजना आल्या आहेत. त्यांची वीज प्रत्येक शिवारात दिवसाउजेडी पोचेपर्यंत, काठी घेऊन निघालेल्या माणसाला शूर म्हणून सरकारची सुटका होत नाही.

कारखाने सुरू झाले की या गोष्टीत आणखी एक माणूस येतो, आणि त्याचं घर इथे नसतं. ऊसतोडीच्या टोळ्या बीड, नगर, नाशिकच्या कोरड्या भागांतून येतात. शेताच्या कडेला कोपी, फडाच्या बांधावर झोळीत निजलेलं लेकरू, अंधार असतानाच सुरू होणारी तोड. कोयता चालवता चालवता पाचटात मांजरासारखी पिलं दिसतात, बहुधा दोन किंवा तीन, कधी डोळेही न उघडलेली. त्यांची आई आसपास असते हे टोळीला कळतं. तिथे जे घडतं ते मला या साऱ्या कथेत सर्वांत मोठं वाटतं. मुकादम तोड थांबवतो. उचल घेतलेल्या, टनावर मजुरी मिळणाऱ्या माणसांनी काम थांबवणं म्हणजे पदरचे पैसे सोडणं. वनखात्याला कळवतात. डॉक्टर पिलं तपासतात, गोचिड्या काढतात, आणि संध्याकाळी ती खोक्यात घालून सापडली त्याच जागी ठेवतात. कॅमेरा लावून माणसं लांब जातात. मादी बहुतेक वेळा अंधार पडल्यावर येते आणि एकेक पिलू मानेला धरून घेऊन जाते. ती आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवून बघतात.

खोका रिकामा झाला की टोळी उरलेल्या सऱ्या तोडायला घेते. कोपीतली बाई लेकराची झोळी या वेळी बांधावरून उचलून बैलगाडीच्या जुवाला बांधते, नजरेच्या टप्प्यात, आणि कोयता हातात घेते.